सुलभ दर्शन : कृपा की कर्तव्य?

देवाचे दर्शन सुलभ असावे की कष्टसाध्य, हा प्रश्न यात्रेइतकाच जुना आहे. कष्टाने घडलेले दर्शन अधिक पुण्यप्रद, अशी लोकांची दृढ समजूत आहे व तीत तथ्यही आहे. आळंदीहून पंढरीस पायी जाणारा वारकरी ऊन, पाऊस व चिखल आनंदाने सोसतो. ते त्याने स्वेच्छेने स्वीकारलेले तप होय. परंतु जे कष्ट दुसऱ्याने लादले, त्यांस तप म्हणावे काय?

या प्रश्नाचे उत्तर पंढरीच्या महाद्वारी मिळते. तेथे नामदेव पायरीसमोर संत चोखामेळा यांची समाधी आहे. ज्यांच्या अभंगांनी भक्तांची मने उजळली, त्यांना हयातीत मंदिराची पायरी ओलांडता आली नाही. पुढे २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, तरी त्या काळात द्वार उघडले नाही. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण आरंभिले. विठ्ठलमंदिर सर्वांस खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. या साऱ्या काळात देव आपल्या जागीच उभा होता. अंतर निर्माण केले ते माणसांनी.

आज जातीचा अडसर कायद्याने दूर झाला आहे, तरी पायऱ्यांचा अडसर उरतोच. वणीजवळील सप्तशृंगी गडावर शेकडो पायऱ्या चढून जावे लागे. २०१८ साली तेथे रुळांवरून चढणारी ट्रॉली सुरू झाली आणि वृद्ध व दिव्यांग भाविकांसही आईचे दर्शन सुकर झाले. ज्यांची इच्छा व शक्ती आहे, त्यांना पायऱ्यांची वाट आजही मोकळी आहे. सोय झाल्याने कोणाचेही तप हिरावले जात नाही. केवळ असहायता दूर होते. म्हणून उतरता मार्ग, आधाराचा कठडा किंवा चाकाची खुर्ची यांस सवलत न मानता कर्तव्य मानणे उचित.

तथापि, वाट सुलभ होताच गर्दी वाढते आणि डोंगरावर भार पडतो. येथे देवराईची परंपरा मार्गदर्शक ठरते. सह्याद्रीतील अनेक देवराया आजवर टिकल्या, कारण तेथील वाळलेली काटकीही नेऊ नये, हा दंडक गावाने पाळला. पाय कोणाचेही लागावेत, हात मात्र आवरलेला असावा, हीच त्यातील शिकवण. प्लॅस्टिक टाकून येणारा भाविक पुढच्या भाविकाची वाट दुर्गम करतो.

अखेर, दगडी वाटेपेक्षाही माणसाचे मन सुगम असणे महत्त्वाचे. वारीत लहानथोर एकमेकांस ‘माउली’ म्हणून संबोधितात व परस्परांच्या पाया पडतात. दर्शनरांगेत थकलेल्या वृद्धास पुढे जाऊ देणे, दृष्टिहीन भाविकास हात देऊन गाभाऱ्यापर्यंत नेणे, यास द्रव्य लागत नाही. दात्याने दिलेल्या धनातून वाट बांधली जाते. परंतु त्या वाटेवर कोणी एकटा पडू नये, ही सेवा प्रत्येक यात्रेकरूच्या हाती आहे. ज्याच्यामुळे दुसऱ्यास दर्शन घडले, त्याची यात्रा खऱ्या अर्थाने सफल झाली.