लसणाची एक पाकळी

घरात थोडी शांतता असेल तेव्हा लसणाचा गड्डा फोडा आणि एक पाकळी सोलून तळहातावर घ्या. नख लागू देऊ नका.

नाकाशी धरा. वास अगदीच पुसट. सगळं घर भरून टाकणारा तो उग्र दर्प अजून तयारच झालेला नाही. आत आहेत ते त्याचे दोन घटक, एकमेकांपासून जपून दूर ठेवलेले: एका जागी अ‍ॅलिन हे गंधकयुक्त पण वास नसलेलं द्रव्य आणि वेगळ्या कप्प्यात अ‍ॅलिनेज हे एन्झाइम. मध्ये पेशींचे पातळ पडदे. या पडद्यांपाशी जरा थांबा. गड्डे महिनोन्‌महिने टांगलेले राहतात, तेवढा काळ आतली ही ताटातूट टिकते. आणि ती टिकावीच लागते, कारण दोघांच्या भेटीतून जे निपजतं ते लसणाच्या स्वतःच्या पेशींनाही मारक आहे.

आता पाकळी खलबत्त्यात टाका आणि एकच घाव घाला. मग हात थांबवा.

पडदे फाटले. काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार झालं, आणि वास आता तुमच्यापर्यंत आला. जमिनीखाली एखादी अळी गड्ड्याला तोंड लावते तेव्हा हेच घडतं. जिथे दात लागला तिथेच, लागला तेवढंच. झाडाला पळता येत नाही, हाकलायला हात नाहीत. पण चावा घेणाऱ्यानेच स्वतःवरचं अस्त्र सोडावं अशी ही रचना मला फार थोर वाटते.

अ‍ॅलिसिन जिवाणूंच्या प्रथिनांमधल्या गंधकाच्या टोकांना जाऊन चिकटतं. अशा अनेक एन्झाइमांचं काम एकदमच अडतं. 1944 मध्ये अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी अ‍ॅलिसिन वेगळं काढून त्याचा जिवाणूंवरचा परिणाम नोंदवला. मूळचं अ‍ॅलिन हाती लागलं ते त्यानंतर काही वर्षांनी, स्टोल आणि झीबेक यांना. हा वास माणसाच्या ओळखीचा होऊन तोवर हजारो वर्षं झाली होती.

ठेचलेल्या पाकळीकडे पुन्हा पाहा. अख्खी पाकळी उकळत्या पाण्यात टाकली असती, तर उष्णतेने एन्झाइम आधीच निकामी झालं असतं आणि पाकळी मऊ, गोडसर लागली असती. कच्च्या लसणाच्या चटणीची धार तिला येत नाही, ती यामुळेच.

हे अस्त्र सगळ्यांवर चालतं असं मात्र मनात आणू नका. लसणाच्या पातीवर फुलकिडे सुखाने जगतात. शेतकऱ्याला त्यांच्यासाठी वेगळी फवारणी करावी लागते. गड्डा कुजवणारी एक बुरशी तर वर्षानुवर्षं मातीत निपचित पडून असते आणि लसूण-कांद्याच्या मुळांतून झिरपणाऱ्या गंधकाच्या संयुगांचा सुगावा लागला की जागी होते. एकाला पळवणारा गंध दुसऱ्याला बोलावणं धाडतो. हे दोन्ही एकत्र मनात राहू द्या, त्यांतलं एक खोडायची गरज नाही.

बोटं धुऊन टाका. आणि एवढं जरूर पाळा: ठेचलेला लसूण जखमेवर किंवा लहान मुलांच्या अंगावर बांधून ठेवू नका. त्याने कातडी भाजते.