पाचारण आणि सहजीवन

कॅथोलिक परंपरेत पाचारण म्हणजे विशिष्ट जीवनमार्गासाठी देवाने व्यक्तीला घातलेली साद. ती ऐकून जे स्त्री-पुरुष दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतात आणि एखाद्या संघाच्या नियमाप्रमाणे एकत्र राहतात, त्यांच्या जीवनाला व्रतस्थ जीवन म्हणतात. साद एकट्याला येते, तरी ती खरी की भासमान, हे ठरवण्याचे काम चर्च त्या एकट्यावर सोपवत नाही. यातून असा प्रश्न उभा राहतो की संघातील सहजीवन हा पाचारणाचा केवळ आधार आहे, की पाचारण घडते आणि वाढते ते सहजीवनातच.

या प्रश्नाचे उत्तर चर्चच्या इतिहासात लवकर दिसू लागते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकान्तवासी साधक होते, आणि त्याच काळात पाखोमियस यांनी साधकांना एका नियमाखाली आणून मठांची उभारणी केली. पुढे संत बासिल यांनी एकान्तवासावर मूलभूत आक्षेप घेतला: नम्रता आणि सेवा हे गुण दुसऱ्या माणसावाचून आचरताच येत नाहीत, कारण ज्याच्याजवळ कोणीच नाही, त्याने पाय धुवावेत तरी कोणाचे? हा विचार 1983च्या धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायदेग्रंथात, विधिरूपाने आढळतो. नवदीक्षित उमेदवाराने किमान 12 महिने यासाठीच नेमलेल्या घरात घालवावे लागतात. त्यानंतर तीन ते सहा वर्षांसाठी तात्पुरती व्रते घेतली जातात, आणि त्यांना प्रवेश देताना वरिष्ठांना आपल्या मंडळाचे मत घ्यावे लागते. उमेदवाराची तळमळ कितीही प्रामाणिक असली, तरी सोबत्यांनी तिची पारख केल्यावाचून ती व्रताचे रूप घेत नाही.

महाराष्ट्रात या विचाराची कसोटी लागली ती पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी 1922 साली अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. भारतीय आणि इंग्रज सदस्यांनी समान पातळीवर एकत्र राहावे, हा त्यामागील हेतू होता, आणि पुढे संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला उभा राहिला. 1972 साली त्याच आश्रमात येशूच्या पवित्र हृदयाच्या संघाच्या कॅथोलिक धर्मभगिनी आणि इंग्लंडमधील वाँटेज येथील संघाच्या अँग्लिकन धर्मभगिनी एकत्र राहू लागल्या. त्यांत सारा ग्रँट आणि वंदना माताजी ही नावे विशेष परिचित आहेत. शंकराचार्यांच्या विचारातील संबंध या संकल्पनेवर ग्रँट यांनी प्रबंध लिहिला होता. आश्रमात मात्र संबंधाचा प्रश्न तत्त्वज्ञानापुरता राहत नव्हता. दोन्ही चर्चमध्ये ख्रिस्तप्रसादाची पूर्ण एकात्मता नसल्याने, ज्या स्त्रिया एका छताखाली राहत आणि प्रार्थना करत, त्यांच्यामध्ये विभागणीची वेदनाही नांदत होती. ती वेदना टाळण्याऐवजी सोबत ठेवणे हीच त्यांच्या पाचारणाची वाढ होती.

यावर एक गंभीर आक्षेप येतो: संघाला इतका अधिकार दिला, तर आज्ञापालनाच्या नावाखाली व्यक्तीचा अंतरात्मा चिरडला जाणार नाही काय? असे घडल्याची उदाहरणे चर्चच्या इतिहासात आहेत. म्हणूनच धर्मसंहिता वरिष्ठांनी सदस्यांचे म्हणणे मनापासून ऐकावे असे सांगते, आणि सदस्याला आपले अंतर्मन त्यांच्यापुढे उघड करण्यास भाग पाडण्याची त्यांना मनाई करते. संघाला पाचारणाची पारख करता येते. त्यावर मालकी सांगता येत नाही.

पुण्याजवळच्या चाकण परिसरात व्रतस्थ सहजीवनाचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. देहू आणि आळंदी येथून दूर नाहीत, आणि या भूमीची वारकरी परंपरा संसारात राहून संतसंग करण्यास शिकवते. कॅथोलिक व्रतस्थ मात्र घर सोडतो आणि निवड आपल्या हातात नसलेल्या माणसांचे दुसरे घर स्वीकारतो. चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम करणारे, वेगवेगळ्या राज्यांतून आलेले कामगारही भाड्याच्या खोल्यांत न निवडलेल्या सोबत्यांबरोबर राहतात. पण त्यांचे सहजीवन गरजेतून येते आणि गरज सरली की संपते, तर व्रतस्थाचे सहजीवन व्रताने बांधलेले असल्यामुळे त्याला सोबत्याच्या उणिवांपासून आणि स्वतःच्याही उणिवांपासून सुटका नसते. म्हणून पाचारणाची वाढ व्रतांच्या वर्षांवरून किंवा प्रार्थनेच्या तासांवरून मोजणे अपुरे आहे. न निवडलेल्या सोबत्याविषयी न्याय, क्षमा आणि सत्य बोलण्याचे धैर्य ज्या प्रमाणात वाढते, त्याच प्रमाणात पाचारण वाढले असे म्हणावे लागेल.