मातीची वेदी की पितळेची?

आजचं वाचन: निर्गम २०:२४-२६ आणि २७:१-८



विसाव्या अध्यायात देव मोशेला सांगतो, वेदी मातीची कर. दगडाची केलीस तर दगड घडवू नको. हत्यार लागलं की ती भ्रष्ट झाली. सातच अध्याय पुढे जा. तोच देव बाभळीच्या लाकडाची, पितळेने मढवलेली वेदी सांगतो. ५ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच. शिंगं, जाळी, कड्या, दांडे. हत्याराशिवाय हे बनेल कसं?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं उत्तर तयार असतं: नवीन व्हर्जन आलं, जुनं बाद. इथे ते चालत नाही. यहोशवा ८:३०-३१ काढा. पितळेची वेदी कधीचीच बनलेली आहे, तरी यहोशवा एबाल डोंगरावर न घडवलेल्या दगडांची वेदी बांधतो, तीही मोशेच्या आज्ञेप्रमाणे. म्हणजे जुनी सूचना अजून लागूच होती.

आता २७:८ बघा. पितळेची वेदी आतून पोकळ आहे. यहूदी भाष्यकारांचं जुनं म्हणणं असं की मुक्काम पडला की त्या पोकळीत माती भरायची. पितळेच्या आत मातीचीच वेदी! मला हे पटतं, पण वचनात माती भरण्याचा उल्लेख नाही, म्हणून छातीठोकपणे शिकवणार नाही. त्याच वचनातली दुसरी गोष्ट मात्र स्पष्ट आहे: डोंगरावर दाखवलं तसंच करायचं. कारागीर बसालेल तर देवाच्या आत्म्याने भरलेला होता (३१:२-३). त्यामुळे देवाला कारागिरीचंच वावडं आहे असं मी मानत नाही. प्रश्न नमुना कोणाचा, हा आहे.

आपल्या कन्हानसारख्या गावात हे पुस्तकी राहत नाही. नदीची रेती हाताशी असते, पैसा नसतो. चर्चची इमारत काढली की दोन गट पडतात. एक म्हणतो टिनाचं शेड पुरे, देवाने माती मागितली. दुसरा म्हणतो ग्रॅनाइट लावा, देवाने पितळ मागितलं. मग वर्षानुवर्षं एका बाकावर बसणारे काका एकमेकांना सलामही करत नाहीत. आणि हातात दोघांच्याही निर्गमच!

२०:२४ चा शेवट दोघंही सोडून देतात. जिथे देव आपल्या नावाची आठवण करून देईल, तिथे तो स्वतः येऊन आशीर्वाद देईल, असं तिथे वचन आहे. त्याला ना मापाची अट, ना मालाची.

उद्या १ राजे ६:७. मंदिराचे दगड खाणीतच घडवून आणले, बांधताना हातोड्याचा आवाज नाही. आजच्या वाचनाशी याचा काय संबंध असेल, रात्री शोधून ठेवा.