आधी फिल्टर, मग स्क्रू



किलवणीच्या सत्संगाला आपली वयस्कर मंडळी जुन्या मारुती व्हॅनने येतात. ७९६ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटरवालं. गाडी झटके मारू लागली की आपण लगेच मिश्रणाचा स्क्रू पिळतो. जाणता मेकॅनिक आधी एअर फिल्टर, प्लग, टायमिंग बघतो. गाडी उघड्यावर काढतो (बंद शेडमधला धूर जीव घेतो, हे विसरू नका), इंजिन गरम होऊ देतो. कार्ब्युरेटरला हात शेवटी, तोही पाव-पाव फेरा, आणि दरवेळी थांबून आवाज ऐकतो. पेट्रोल जास्त झालं तर प्लग काळा पडतो, हवा जास्त झाली तर गाडी अडखळते.

घरात मात्र आपण पहिला स्क्रू स्वभावाचाच पिळतो. मुलगा सिल्वासाच्या कंपनीतून रात्रपाळी करून येतो, चिडून बोलतो, की आपण म्हणतो, 'याचा स्वभावच बिघडलाय.' अहो, त्याची झोप झालीय का? तो जेवलाय का? अशानंच काही घरांत बापलेकांचं बोलणं बंद पडलंय, आपल्याला ठाऊक आहे. या गुरुवारी जप झाल्यावर त्या घरांनी एकत्र जेवायला बसावं. उपदेश नको. त्याचं ताट आधी वाढा, आणि तो काय सांगतो ते ऐका.