चाल कुणाची

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येऊन पंचगंगा होते ती प्रयाग चिखलीपाशी. नदीची भीती इथं कुणाला शिकवावी लागत नाही. तरीही २०१९च्या ऑगस्टमध्ये गाव फसलं. २००५च्या पुराची खूण ध्यानात धरून लोकांनी सामान तिच्या हातभर वर ठेवलं होतं. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पुराची धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. नावेत माणसं बसतात, म्हशी बसत नाहीत. गोठा सोडवेना म्हणून कितीतरी जण घरातच अडकले.

त्यानंतर अशाच एका घरात थोरल्या लेकानं चोख तयारी केली. माळ्यावर पेटी, पेटीत रेशन कार्ड, सातबारा, म्हाताऱ्या आबांच्या गोळ्या, बॅटरी, चिरमुरे-फुटाणे. ‘‘आता येऊ दे पूर,’’ तो म्हणाला.

आज्जी काही बोलली नाही. एका रात्री जेवणं झाल्यावर तिनं मेन स्विच खाली ओढला. ‘‘पाणी आलं. निघा सगळी.’’

पोरं हसली, मग धडपडायला लागली. शिडी गोठ्यात होती. बॅटरी पेटीत आणि पेटी अंधारात. आबांना पायऱ्या उतरवायला दोघं लागले आणि म्हशी सोडणारेही हेच दोघं. गाभण म्हैस उंबऱ्याबाहेर पाय टाकीना. सगळी रस्त्यावर आली तेव्हा पाऊण तास झाला होता.

‘‘खरं पाणी आल्यावर पटापटा हुईल, आई.’’

‘‘न्हाई रं. खऱ्या पाण्यात दीड तास लागंल. तू पेटी बघितलीस, माणसं बघितली न्हाईस. घरात सगळ्यात मागं कोण ऱ्हातंय ते बघ आणि त्याच्या चालीनं निघायची येळ ठरीव.’’

त्या रात्रीच ठरलं. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की म्हशी उंचावरच्या सोनतळीला. त्यानंतर आबा. ३९ फुटांची इशारा पातळी येईल तेव्हा घराला कुलूप.

२०२१च्या जुलैत बंधारा बुडाला, तेव्हा थोरल्याचा पाय अडखळला. सोनतळीला वैरणीचे हाल, दुधाचा खाडा, शेजारी म्हणत होते, ‘‘एवढ्यात कुठं निघालाय?’’ हे प्रश्न खोटे नव्हते. गरिबाला लवकर निघणं महाग पडतं, हे बाहेरच्यांना कळत नाही. पण ठरलं होतं म्हणून तो निघाला. पाणी गावात शिरलं तेव्हा त्यांच्या दावणीला एकही जनावर नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात थोरला पुन्हा पेटी भरत होता. तेच कागद, नव्या गोळ्या, नवे सेल.

‘‘समदं तयार हाय, आई. गेल्या सालासारखंच.’’

आज्जीनं मांडीवरचं सहा महिन्यांचं नातवंड त्याच्या हातात दिलं. ‘‘ह्ये हुतं का गेल्या साली? रेडकू बी न्हवतं. पयल्यापास्नं मोजा.’’