वजन टाकून बघा

‘माणूस अगदी सरळ आहे हो,’ हे प्रशस्तिपत्र आपण फार स्वस्तात देतो. त्याला कधी, कुठं आणि किती वजन टाकून तपासलं, हे कुणी विचारत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र लोक इतके भोळे नसतात.

मंचरच्या आमच्या मेव्हण्यानं एक जुनी स्टँडर्ड हेरल्ड पाळली आहे. (‘घेतली आहे’ म्हणवत नाही. तिचा खर्च जर्सी गाईएवढा आहे.) ही गाडी १९६१ पासून मद्रासला बनायची. विलायतेत १९६२ साली निघालेली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटांची स्पोर्ट्‌सकार म्हणजे हिचीच नखरेल धाकटी बहीण. मागची रचना दोघींची सारखी. एक आडवा पाटा आणि दोन बाजूंना डुलणारे अर्धे अ‍ॅक्सल. चाक वर-खाली झालं की ते कलतंसुद्धा. १९७२ च्या गॅझेलला कंपनीनं अखंड अ‍ॅक्सल देऊन हे डुलणंच बंद केलं. माणसांसाठी तशी सोय अजून निघालेली नाही.

नारायणगावच्या मिस्त्रींनी गाडीच्या दोन्ही अंगांना सुतळ्या ताणल्या, रिमच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर मोजलं आणि मागच्या चाकाला ओळंबा लावला. मेव्हणा ओरडला, “दाजी, चाक वरून बाहेर गेलंय! पाटा बसला वाटतं.”

“आत्ता जॅकवरून उतरवलीय साहेब,” मिस्त्री म्हणाले. “चाकं लोंबल्यावर तशीच अडकून राहतात. चार पावलं ढकला, मग माणसं बसवा. रिकाम्या गाडीचं माप खरं नसतं.”

मागं कांद्याची दोन पोती आणि मी, असं वजन टाकल्यावर चाक बऱ्यापैकी उभं राहिलं. किंचित कललेलं होतं. मिस्त्री म्हणाले, “एवढं चालतं.”

आता आमच्या शाखेचं बघा. टपाल टेबलावरच्या गृहस्थांनी वीस वर्षांत एका पैशाचा घोळ केलेला नाही. त्यांच्या हाती तिकिटं आणि डिंक. उलट, कॅशियरकडे एकदा ओतूरच्या शेतकऱ्याच्या भरण्यात पाचशेच्या दहा नोटा जास्त आल्या. त्या आठवड्यात कॅशियरची बायको पुण्याला दवाखान्यात होती. तो अर्धा तास नुसता त्या नोटांकडे बघत होता. “मी असतो तर मिनिटही लावलं नसतं,” असं टपालवाले मागाहून म्हणाले. मला विचाराल तर तो अर्धा तास कॅशियरच्या खात्यात जमा धरावा, नावे नव्हे.

शेवटी त्यानं फोन लावला. शेतकरी तोवर नारायणगावच्या बाजारात पोचला होता.

“जास्त होत्या? बरं झालं सांगितलंत साहेब,” तो म्हणाला. “मी मोजल्याच नव्हत्या.”