मशीनवर नसलेलं चिन्ह

20 मे 2024. लोकसभेच्या मतदानाचा दिवस. केळव्यात सकाळी नऊलाच घामाच्या धारा लागल्या होत्या. शाळेच्या पडवीतल्या रांगेतून एक आजी मत देऊन बाहेर आल्या. शाई पदराला लागू नये म्हणून त्यांनी बोट जरा लांबच धरलं होतं. पायरीवर टेकल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "धनुष्यबाण दिसलाच नाय गं. दोनदा बघितला, वरून खाली."

आजींची नजर चुकली नव्हती. त्या दिवशी पालघरच्या मतदानयंत्रावर शिवसेनेचा धनुष्यबाण नव्हताच. 2018च्या पोटनिवडणुकीत तो होता, श्रीनिवास वनगांच्या नावापुढे. 2019 मध्येही होता, पण त्या वेळी राजेंद्र गावितांच्या नावापुढे. आणि हेच गावित वर्षभरापूर्वी कमळावर लढून त्याच वनगांना हरवून खासदार झाले होते. 2024 ला जागा भाजपकडे गेली, उमेदवारी डॉ. हेमंत सवरांना मिळाली आणि धनुष्यबाण यंत्रावरून गेला. सहा महिन्यांनी विधानसभेला तो परत आला, पुन्हा गावितांच्या नावापुढे. मावळते आमदार असलेल्या वनगांना तिकीट नाकारलं गेलं होतं.

'हक्काचा मतदारसंघ', 'बालेकिल्ला' हे शब्द आपण सहज वापरतो, तेव्हा मला त्या आजी आठवतात. हक्क कोणाचा? आजींचा तर नाही. गेल्या पंधरा वर्षांत या पट्ट्यात जे काही 'सुरक्षित' झालं, ते उमेदवारीवाटपाच्या बैठकीपुरतं. खरी निवडणूक त्या बैठकीत होते. केळव्याचा मतदार रांगेत येतो तेव्हा निम्मा निकाल ठरलेला असतो.

पूर्वी असं नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. पालघर लोकसभा 2008च्या फेररचनेतली. त्याआधी हा भाग डहाणू या अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघात होता. 1977 ला इथून माकपचे लहानू कोम निवडून आले. त्यानंतर काँग्रेसच्या दामोदर शिंगडांनी 1980, 1984, 1989 आणि 1991 अशा सलग चार निवडणुका जिंकल्या. 1989 ला देशात काँग्रेसची सत्ता गेली तरी डहाणू हललं नाही. याला म्हणायचं सुरक्षित जागा. मग 1996 ला चिंतामण वनगा, 1998 ला शंकर नम, 1999 ला पुन्हा वनगा, 2004 ला पुन्हा शिंगडा. 2009 ला बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव, 2014 ला परत वनगा. म्हणजे हा मतदार ढिम्म मुळीच नाही. 2014च्या विधानसभेला तर पालघरमध्ये शिवसेनेचे कृष्णा घोडा आणि राजेंद्र गावित यांच्यात फरक होता अवघ्या 515 मतांचा. पाचच वर्षांनी त्याच जागेवर शिवसेनेचं मताधिक्य 40 हजारांवर गेलं, आणि 2024 लाही तेवढंच राहिलं.

हे मताधिक्य आलं कुठून? गावितांची विकासकामं, श्रीनिवास वनगांच्या वडिलांची, चिंतामण वनगांची, पुण्याई, असं काहीबाही सांगितलं जातं. माझं मत वेगळं आहे. ज्यांच्यात लढत व्हायची, तेच आळीपाळीने एका छताखाली आले. 2018च्या पोटनिवडणुकीचे आकडे बघा: गावित 2,72,782, श्रीनिवास वनगा 2,43,210, बळीराम जाधव 2,22,838. विजेत्याला दर दहा मतांत जेमतेम तीन. 2019 ला पहिले दोन पक्ष, भाजप आणि शिवसेना, एकत्र आले आणि जागा 'सुरक्षित' झाली. लोकांचं मन वळलं म्हणून नव्हे. निवडायला उरलंच कमी म्हणून.

याच जिल्ह्यात दुसऱ्या प्रकारचा बालेकिल्लाही आहे. तलासरी-डहाणूत लाल बावटा टिकला तो 1945च्या वारली उठावापासून, गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी वेठबिगारीविरुद्ध माणसं उभी केली तेव्हापासून. तिथे पक्ष म्हणजे वनजमिनीचा दावा भरून देणारा, तहसील कचेरीवर मोर्चा नेणारा माणूस. विनोद निकोले 2019 आणि 2024 ला डहाणूतून जिंकले ते सुमारे पाच-पाच हजारांनीच, आणि 2014 ला तर ही जागा माकपच्या हातून गेलीही होती. म्हणजे तिथला मतदारही गृहीत धरता येत नाही. पण तिथे विळा-हातोड्याच्या मागचा माणूस बदलला, तर का बदलला हे पाड्यावर सांगावं लागतं. आपल्याकडे चिन्हामागचा माणूस रातोरात बदलतो आणि कुणी कुणाला काही सांगत नाही.

याची किंमत किनाऱ्याने मोजली. डहाणूजवळच्या नियोजित वाढवण बंदराला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने 1998 मध्ये नकार दिला होता. न्यायमूर्ती धर्माधिकारी अध्यक्ष होते तोवर तो नकार टिकला. 2023 च्या जुलैत त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. मच्छीमार वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरत होते. डोल जाळं कुठे लावायचं, पापलेट उद्या कुठून आणायचं, हा त्यांचा साधा प्रश्न होता. लोकसभेचा निकाल 4 जून 2024 ला लागला, भाजप 1,83,306 मतांनी जिंकला, आणि पंधरा दिवसांत 76 हजार कोटींवरच्या या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तिथला राग खोटा होता का? नाही. पण याच लोकसभा मतदारसंघातल्या एकट्या नालासोपारा विधानसभेत पाच लाखांहून अधिक मतदार आहेत, पालघर विधानसभेत त्याच्या साधारण निम्मे. किनाऱ्यावरची गावं एकदिलाने उठली तरी हिशोबाच्या वहीत त्यांची एकच ओळ होते. दिल्ली-मुंबईतल्या नेत्यांना हे पक्कं ठाऊक आहे. सुरक्षित जागेचा खरा अर्थ हाच: ज्याचं ऐकलं नाही तरी चालतं, तो मतदार.

आणि हाच मतदार ग्रामपंचायतीला बघा. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं. छत्री, कपाट, बशी असलं काहीतरी असतं. पानवेलीच्या वाडीतून संध्याकाळी घरी परतणारा माणूस उमेदवाराला बांधावरच थांबवतो आणि विचारतो, पाणी कधी येणार, गटार कोण काढणार. उमेदवार कोणाचा कोण, मागच्या वेळी काय म्हणाला होता, सगळं त्याला तोंडपाठ असतं. दहा-वीस मतांनी माणूस पडतो. खासदारकीच्या उमेदवाराला तोच माणूस हे विचारत नाही, कारण तो उमेदवार बांधावर येतच नाही. मोठ्या पक्षांनी किमान आपल्या तालुक्यातल्या सभासदांची मतं घेऊन उमेदवार ठरवावा, ही मागणी मला अजिबात भाबडी वाटत नाही. वाडीतल्या पाण्यापासून समुद्रातल्या भरावापर्यंत ज्याला उत्तर द्यायचं आहे, तो निदान इथल्या चार माणसांसमोर उभा राहून तरी निवडला जावा.

पक्षांना यात आपलं नुकसान दिसत असेल, तर त्यांनी 2018चा निकाल शेवटच्या ओळींपर्यंत वाचावा. काँग्रेसने त्या वेळी उमेदवार दिला होता दामोदर शिंगडांना, या भागातून पाच वेळा खासदार झालेल्यांना. चिन्ह तोच पंजा. त्यांना 47,714 मतं पडली, क्रमांक पाचवा.